धुळवडीचं उरलेलं मटण कोरडं न पडता कसं गरम करावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होळीला पुरणपोळी आणि धुळवडीला मटण, हा खानदेशातल्या कितीतरी घरांचा ठरलेला बेत. माणसं मोजून मटण आणायची आपल्याकडे रीत नाही. ऐनवेळी कुणी आलं तर कमी पडू नये म्हणून किलो-दोन किलो जास्तच चढतं आणि ते उरतं. दुसऱ्या दिवशी तेच मटण दोरखंडासारखं वातड झालं, रस्सा आटून खारट झाला किंवा वाटण बुडाला लागलं, की हळहळ वाटते. इतक्या महागाच्या आणि इतक्या मेहनतीच्या जिनसेचं असं होऊ नये, म्हणून ही उत्तरं. सगळीकडे खोबरं-कांदा भाजून वाटलेलं, काळ्या मसाल्याचं बोकडाचं मटण धरलं आहे. वाटी म्हणजे साधारण १५० मिलीची आमटीची वाटी.

रात्री लोण्यासारखं असलेलं मटण सकाळी वातड का लागतं?

त्यातलं बरंचसं वातडपण वरवरचं असतं. बोकडाची चरबी गार झाली की घट्ट थिजते आणि टाळूला चिकटते. हाडांजवळच्या पांढऱ्या शिरा आणि पडदे काल शिजताना विरघळून रश्श्यात उतरलेले असतात, तेही गारठ्यात गोठतात. नीट गरम केल्यावर दोन्ही पुन्हा सैल होतात. कोमट मटण घाईने ताटात वाढलं की ते कडक लागतं, ते याच कारणाने.

खरं नुकसान होतं ते मोठ्या आचेवर. मांसाचे धागे साधारण ६० अंशांच्या पुढे आक्रसायला लागतात आणि आतला रस बाहेर पिळून टाकतात. कालच्या शिजण्यात त्यातला बराच रस गेलेला असतो. आज पुन्हा वीस मिनिटं खळखळ उकळलं, तर उरलासुरला रसही निघतो आणि फोड रश्श्यात बुडालेली असूनही खाताना भुसा लागते. मटण काल शिजलेलं आहे, आज त्याला फक्त आतपर्यंत उष्णता पोचवायची आहे, एवढं धरून चाललं की पुढचं सगळं सोपं होतं.

फ्रिजमधून काढल्यावर रस्सा जेलीसारखा थरथरतो. बिघडला का?

नाही. हाडाचा अर्क चांगला उतरल्याची ती खूण आहे. ती जेली काढून टाकू नका. गरम झाल्यावर तीच फोडीला मऊपणा देते. वरचा थिजलेला तेल-चरबीचा थर मात्र फार जाड असेल तर निम्मा काढायला हरकत नाही. सगळा काढला तर तर्री जाते.

रात्री मटण कसं ठेवावं, म्हणजे सकाळी चांगलं राहील?

निम्मं काम इथेच होतं, आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात. जेवणं उरकली की भगोणं झाकून ओट्यावर किंवा चुलीच्या निखाऱ्यांवर तसंच राहतं. पाच किलो मटणाचं भगोणं तासन् तास कोमट असतं, कारण वरचा तेलाचा तवंग वाफ अडवतो आणि आतली उष्णता बाहेर जाऊ देत नाही. हे कोमटपण धोक्याचं. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जिवाणू वाढतात. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाच्या जिवाणूचे बीजाणू तर उकळण्यातूनही वाचतात आणि भांडं हळूहळू निवत असताना पुन्हा वाढायला लागतात. मोठ्या पंगतीनंतर दुसऱ्या दिवशी घरभर पोटं बिघडतात, त्यामागे बरेचदा हेच असतं.

म्हणून गॅस बंद केल्यापासून दोन तासांच्या आत मटण फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकाच तासात. जळगाव-भुसावळकडे मार्चच्या दुपारी पारा त्याच्या वरच असतो, तेव्हा आपल्यासाठी तासाचाच हिशोब खरा.

भगोणं आहे तसं फ्रिजमध्ये सारू नका. मटण पसरट स्टीलच्या डब्यांत काढा, रश्श्याची उंची दोन इंचांपेक्षा जास्त नको. हे डबे पाणी भरलेल्या परातीत ठेवा आणि पाणी कोमट झालं की दोन-तीनदा बदला. टाकीचं पाणी या दिवसांत नळातूनच ऊन येतं, त्याचा उपयोग नाही. माठातलं घ्या किंवा बर्फाचा एक ट्रे परातीत उलटा करा. वीस-पंचवीस मिनिटांत डबा हाताला गार लागतो. तोवर झाकण तिरपं ठेवा, फ्रिजमध्ये टाकताना घट्ट लावा.

डबे भरताना प्रत्येक फोड रश्श्यात बुडालेली असू द्या. उघडी राहिलेली फोड फ्रिजच्या कोरड्या हवेत वरून सुकते आणि तिला शिळा वासही आधी लागतो. सुकं मटण असेल तर दोन-चार चमचे रस्सा वरून घालून ठेवा.

घरात फ्रिजमध्ये मटण ठेवू देत नाहीत, दुधा-तुपाजवळ नको म्हणतात. काय करावं?

मोठ्यांचा मान राखूनही हे जमतं. घट्ट झाकणाचा डबा, त्यावर दुसरं भांडं पालथं आणि एक कप्पा ठरवून त्यालाच. वास पसरतो तो सैल झाकणामुळे. कच्चं मटण असेल तर ते शिजवलेल्या कुठल्याही जिनसेच्या खाली ठेवा, म्हणजे त्याचं पाणी कशात ठिबकणार नाही. तेही पटत नसेल तर तेवढंच शिजवा जेवढं त्या रात्री संपेल. बाहेर ठेवलेलं मटण सकाळी उकळून घेणं हा त्यावरचा उपाय नाही.

रस्सा-मटण गरम करायची नेमकी पद्धत सांगा.

अर्धा किलो मटण आणि त्याचा रस्सा, म्हणजे चार माणसांचं, असं धरू.

डबा फ्रिजमधून काढून थेट कामाला घ्या, तासभर बाहेर ठेवायची गरज नाही. फोडी झाऱ्याने उचलून ताटलीत काढा. जेली चिकटलेली असली तरी तशीच राहू द्या. उरलेला रस्सा जाड बुडाच्या भगोण्यात ओता. रात्रभरात खोबऱ्या-कांद्याचं वाटण पाणी पिऊन फुगतं आणि रस्सा दाट होतो, म्हणून त्यात अर्धी ते पाऊण वाटी कडकडीत गरम पाणी घाला. गार पाणी घातलं की रस्सा उकळायला वेळ लागतो आणि तेवढ्यात वाटण खाली बसून धरतं.

मध्यम आचेवर रस्सा ढवळत एकदा खळखळून उकळू द्या, पूर्ण एक मिनिट. मग आच अगदी बारीक करा, फोडी अलगद सोडा आणि झाकण ठेवा. आता उकळी नको. कडेकडेने बारीक बुडबुडे यावेत आणि मधली तर्री नुसती हलत राहावी. आठ-दहा मिनिटं अशी जाऊ द्या. मध्ये एकदाच पळीने खालून वर करा. सारखं ढवळलं तर मऊ फोडी हाडापासून सुटतात आणि त्यांचा चोथा होतो.

सगळ्यात मोठी फोड बाहेर काढून मोडून पाहा. हाडाजवळून वाफ निघाली आणि तिथलं मांस जिभेला चटका देण्याइतकं गरम असलं की झालं. घरात थर्मामीटर असेल तर फोडीच्या मध्यावर ७४ अंश दिसले पाहिजेत. गॅस बंद करून झाकण न उघडता पाच मिनिटं थांबा. या पाच मिनिटांत फोडी रस्सा पुन्हा धरतात, तेव्हा भाकरी थापून होईपर्यंत कुणाला झाकण उघडू देऊ नका.

रस्सा आधी आणि फोडी नंतर, एवढाच या पद्धतीचा गाभा आहे. उकळीची गरज रश्श्याला आहे, मांसाला नाही.

पाणी घातल्यावर रस्सा बेचव झाला. मीठ-मसाला कधी घालावा?

मीठ शेवटी, चव पाहूनच. काल आटलेल्या रश्श्यात मीठ आधीच दाटलेलं असतं, त्यामुळे पाणी घालूनही ते बहुतेक वेळा पुरेसं निघतं. मसाल्यासाठी लहान कढईत दोन चमचे शेंगदाणा तेल तापवा, गॅस बंद करा, मग पाऊण चमचा काळा मसाला आणि चिमूटभर लाल तिखट घालून लगेच रश्श्यावर ओता. काळा मसाला आधीच भाजलेला असतो. पेटत्या गॅसवर तो काही सेकंदांत जळतो आणि त्याचा कडवटपणा सगळ्या भगोण्यात उतरतो. कच्चा मसाला वरून भुरभुरू नका, तो घशाला धरतो.

तर्री वर येत नाही, रस्सा गढूळ दिसतो.

आच मोठी ठेवून जोरात ढवळलं की तेल पाण्यात घुसळलं जातं. आच बारीक करा, ढवळणं थांबवा, पाच मिनिटांत तेल वेगळं होऊन वर येईल.

सुकं मटण गरम करताना तव्याला चिकटतं आणि कडक होतं.

सुक्याला रश्श्याचं पांघरूण नसतं, म्हणून त्याला वाफ द्यावी लागते. पाव किलोला दोन मोठे चमचे गरम पाणी पुरे, अळणी (म्हणजे वाटण-मसाला घालण्याआधीचं मटणाचं पाणी) किंवा रस्सा शिल्लक असेल तर तो त्याहून चांगला. पसरट कढईत फोडी एका थरात लावा, पाणी कडेने सोडा, घट्ट झाकण ठेवून बारीक आचेवर सहा-सात मिनिटं. मग झाकण काढा, आच थोडी वाढवा आणि मिनिटभर परता, म्हणजे ओल उडते आणि मसाला पुन्हा फोडीला धरतो. हे परतणं आधी आणि वाफ नंतर, असं उलट केलं तर मसाला आधीच जळतो.

दुसरा मार्ग वेळखाऊ, पण त्यात मटण बिघडायची भीती जवळजवळ नाही. मटण स्टीलच्या डब्यात भरून वर ताटली झाका. कुकरमध्ये दोन वाट्या पाणी, त्यात जाळी, जाळीवर डबा. शिट्टी काढून ठेवून बारा-पंधरा मिनिटं वाफवा. डबा खचाखच भरलेला असेल तर मधला भाग गार राहतो, म्हणून अर्ध्या वेळाने एकदा खालीवर करा.

कुकरला एक शिट्टी काढली तर पटकन होतं ना?

पटकन होतं, पण शिजलेल्या मटणाच्या शिट्टीत दोऱ्या होतात. कुकरच्या दाबात पाणी १०० अंशांच्या वर, १२० च्या आसपास जातं. आधीच मऊ असलेली फोड त्यात सुटी होते आणि कोरडी पडते.

अपवाद एकच. काल मटण मुळातच कच्चट राहिलं असेल, बोकड जून असेल आणि फोड चावताना रबरासारखी लागत असेल, तर शिरा अजून विरघळायच्या आहेत. तेव्हा भरपूर रश्श्यासकट एक-दोन शिट्ट्या काढणंच योग्य. ओळखायची खूण सोपी आहे. फोड चावायला ओढाताण होते ती कमी शिजलेली. चावताना भुगा होतो आणि घास गिळायला पाणी लागतं ती जास्त शिजलेली. पहिलीला शिट्टी, दुसरीला फक्त रश्श्यात बारीक आच.

मायक्रोवेव्हमध्ये कसं करावं?

पूर्ण ताकदीवर नको. काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात पाव किलो मटण रश्श्यासह घ्या, फोडी कडेने गोल लावा आणि मध्य मोकळा ठेवा. झाकण सैल ठेवून निम्म्या ताकदीवर दोन मिनिटं, मग खालीवर करून पुन्हा दोन मिनिटं, लागलं तर आणखी एक. नंतर दोन मिनिटं तसंच झाकलेलं राहू द्या. मायक्रोवेव्ह सगळीकडे सारखं तापवत नाही. एक फोड तोंड भाजते आणि शेजारची गार असते, म्हणून ढवळणं चुकवू नका. नळीचं हाड त्यात घालू नका. आतला मगज वाफेने फुटून उडतो.

भगोणं मोठं आहे, तीस माणसांचं उरलेलं गरम करायचं आहे.

दोन किंवा तीन वाटे करा. एकाच भांड्यात पाच-सहा किलो गरम करायला घेतलं, तर खालचा थर जळेपर्यंत वरचा कोमटच राहतो. चुलीवर असाल तर जाळ ओढून घ्या आणि निखाऱ्यांवर काम करा. वाटण बुडाला लागलंच, तर उलथण्याने खरवडू नका, नाहीतर जळका वास सगळ्यात मिसळतो. वरचं वर दुसऱ्या भांड्यात ओतून घ्या आणि जळालेला थर सोडून द्या. थोडा वास उतरलाच असेल, तर वाटीभर गरम पाणी, मूठभर कोथिंबीर आणि चार पाकळ्या लसणाची फोडणी यांनी तो बराच झाकला जातो. जास्त जळालं असेल तर कशानेच झाकला जात नाही.

कलेजी, वजडी, पाया यांचं काय?

कलेजी त्याच दिवशी संपवा. दुसऱ्यांदा गरम झाली की ती खडूसारखी रवाळ आणि कडक होते. उरलीच तर बारीक चिरून गरम रश्श्यात अगदी शेवटी घाला आणि आतपर्यंत वाफाळेस्तोवर दोन-तीन मिनिटंच ठेवा. वजडी आणि पाया मात्र दुसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा चांगले लागतात. त्यांत शिराच जास्त, त्यामुळे ते कोरडे पडत नाहीत. खिमा पाण्याच्या हबक्यावर, झाकून, पाच मिनिटांत होतो.

गावरान कोंबडीला हीच पद्धत चालेल?

हो. बॉयलरच्या छातीच्या फोडी मात्र लवकर भुसभुशीत होतात, म्हणून आधी तंगडीच्या फोडी रश्श्यात सोडा आणि तीन-चार मिनिटांनी छातीच्या. आतून वाफाळल्याशिवाय काढू नका.

किती दिवस चालतं? किती वेळा गरम करता येतं?

फ्रिज ५ अंशांच्या आत थंड राहत असेल तर तीन दिवस, फार तर चार. गरम करायचं एकदाच. म्हणून सगळा डबा काढू नका, जेवढं खायचं तेवढंच घ्या. रात्रीच लहान डब्यांत वाटून ठेवलं असेल तर हे आपोआप साधतं. तेच मटण दोन-तीनदा गरम-गार झालं की फोडी सुकतात, रस्सा खारावतो आणि दर वेळी निवताना जिवाणूंना नवी संधी मिळते.

वीज गेली तर फ्रिजचं दार उघडू नका, बंद फ्रिज साधारण चार तास थंडावा धरतो. त्याहून जास्त वेळ वीज नसेल आणि डबा हाताला गार लागत नसेल, तर ते मटण खाऊ नये.

वास ठीक आहे, पण रात्रभर बाहेर राहिलं. चांगलं उकळून घेतलं तर?

नाही. हे सांगताना आम्हालाही वाईट वाटतं, कारण किलोभर मटण टाकणं कुणाच्या जिवावर येत नाही? पण स्टॅफिलोकोकस ऑरियससारख्या जिवाणूंनी अन्नात सोडलेलं विष उकळूनही जात नाही, आणि त्याला ना वास असतो ना चव. फेस, तार किंवा आंबूस वास आला तर फेकायचंच. पण हे काही न दिसणं म्हणजे मटण चांगलं असल्याचा पुरावा नाही. घरात लहान मूल, म्हातारं माणूस किंवा गरोदर बाई असेल तर इथे जराही सूट घेऊ नका.

फ्रिजमध्येच होतं, तरी तिसऱ्या दिवशी शिळकट वास येतो.

शिजलेल्या मांसातल्या चरबीला हवा लागली की हा वास येतो. तो खराब झाल्याचा वास नसतो, ओल्या पुठ्ठ्यासारखा असतो. फोडी रश्श्यात बुडवून ठेवल्या की हवा कमी लागते, आणि मसाल्यातली लवंग-दालचिनी हे काम आणखी लांबवते. म्हणूनच अळणी मटणाला हा वास लवकर येतो आणि काळ्या मसाल्याच्याला उशिरा. गरम झाल्यावर लिंबू पिळा आणि ताजी कोथिंबीर घाला.

फोडी संपल्या, नुसता रस्सा उरला आहे.

गरम पाण्याने थोडा सैल करून उकळा आणि उकडलेली अंडी चिरे देऊन त्यात दहा मिनिटं ठेवा. कालची बाजरीची किंवा कळण्याची भाकरी कडक झाली असेल, तर पाण्याचा हबका मारून तव्यावर दोन्ही बाजूंनी शेका, किंवा कुस्करून वर वाफाळता रस्सा ओता आणि दोन मिनिटं मुरू द्या. कच्चा कांदा हवाच.

मुलांसोबत पुण्याला, सुरतेला बांधून द्यायचं आहे. टिकेल का?

गोठवून दिलं तर टिकेल. नुसतं फ्रिजमधलं गार मटण मार्चच्या उन्हात आठ-नऊ तासांच्या प्रवासाला पुरत नाही, आणि सकाळी गरम करून भरलेला डबा तर सगळ्यात वाईट.

आदल्या रात्री मटण निवलं की घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, वर बोटभर जागा सोडा, कारण रस्सा गोठताना फुगतो. फ्रीजरमध्ये किमान बारा तास, दगडासारखं होईपर्यंत. निघायच्या वेळी डबा पिशवीत बांधा, वर वर्तमानपत्राचे आठ-दहा थर गुंडाळा आणि उष्णता अडवणाऱ्या जाड पिशवीत ठेवा. शेजारी पाण्याची एक गोठवलेली बाटली ठेवली तर आणखी चांगलं. पिशवी बसच्या डिकीत न टाकता पायाशी ठेवायला सांगा, डिकी तापते.

पोचल्यावर डबा उघडून बघायचा. मध्ये बर्फाचा गोळा शिल्लक असेल किंवा मटण फ्रिजमधल्यासारखं थंडगार असेल तर चांगलं. ते पुन्हा गोठवायचं नाही. त्या दिवशीचं काढून बाकीचं फ्रिजमध्ये, दोन दिवसांत संपवायचं. ओट्यावर वितळत ठेवायचं नाही. गोठलेला गोळा तसाच जाड बुडाच्या भांड्यात टाकायचा, अर्धी वाटी गरम पाणी, झाकण आणि बारीक आच. वीस-पंचवीस मिनिटांत गोळा सुटतो, मग फोडी बाजूला काढून रस्सा एकदा उकळायचा, आणि फोडी परत सोडून आठ-दहा मिनिटं झाकायचं. डबा पोचेपर्यंत कोमट झाला असेल तर तो न खाता टाकून द्यायचा, हे मुलांना निघतानाच बजावून ठेवा. घरून आलेलं म्हणून ती पोरं तसंच खातात.